आठ बटणांचा डबा

बाबांना लकवा मारला त्या दिवशी आईने फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "तुझे बाबा बोलून नाही राहिले." मी पुण्याच्या कारखान्यात होते. हातात एक सर्किट बोर्ड, समोर तपासायला ठेवलेला तसल्याच बोर्डांचा ढीग. मला वाटलं, दोघांचं भांडण झालं असेल. बाबा रुसले की बोलायचे नाहीत. मी म्हटलं, "मग तूच बोल ना आधी." पलीकडून आई रडायला लागली, तेव्हा कळलं.

नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला. लाखनीला घरी आणलं. उजवा पाय हळूहळू उचलू लागला, हातात थोडी पकड आली. शब्द मात्र आले नाहीत. एक तेवढा उरला होता, 'नाही'. पाणी देऊ का? "नाही," आणि हात गिलासाकडे. भात वाढू? "नाही," आणि ताट पुढे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, त्यांना सगळं कळतं, मनात शब्द असतो, पण तोंडापर्यंत येता येता हरवतो आणि त्याच्या जागी हा एकच बाहेर पडतो. बाबांनाही ते ऐकू यायचं. आपण भलतंच बोललो हे कळून त्यांचा चेहरा लाल व्हायचा.

बाबा बसचे कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षं तुमसर ते बपेरा या एकाच रस्त्यावर गेली. भरलेल्या गाडीत पुढच्या दारापाशी उभं राहून मागच्या सीटवरच्या म्हातारीला ते नुसत्या आवाजाने उतरवायचे. निवृत्त झाल्यावर लाखनीला हायवेच्या अंगाला घर बांधलं आणि रोज सकाळी सपरीत, म्हणजे घरासमोरच्या पडवीत, खुर्ची टाकून बसू लागले. येणारा-जाणारा जयभीम घालायचा, बाबा त्याहून मोठ्याने परतवायचे.

आजारानंतरही पहिल्या आठवड्यात त्यांना तिथेच बसवलं. शेजारचे एक जण आले, म्हणाले, "जयभीम, भाऊ. कसं हाये आता?"

"नाही," बाबा म्हणाले.

तो माणूस गोंधळला. बाबांनी डावा हात कपाळापाशी नेला, मान हलवली, परत तोंड उघडलं, परत तेच. असं आणखी दोघा-तिघांच्या बाबतीत झालं. मग त्यांनी खुर्ची आत ओढायला लावली. मधल्या खोलीत, रस्त्याकडे पाठ करून बसू लागले.

मी सुट्टी घेऊन आले होते आणि सुट्टी वाढवत होते. कारखान्यातून फोन यायचा, "कधी येताय मॅडम?" मी म्हणायचे, पुढच्या सोमवारी. माझ्याने एका जागी बसवत नव्हतं. स्वयंपाकघरातले डबे मी उगाच काढून परत लावले. दिवसातून चार वेळा हायवेपर्यंत जाऊन ट्रक बघून परत यायचे. बाबांसमोर बसले की काय बोलावं सुचेना, आणि आत गेले की बाहेर यावंसं वाटे. ते रोवण्याचे, म्हणजे भाताच्या लावणीचे, दिवस होते. आई बांधीत, धानाच्या शेतात, चिखल तुडवून यायची आणि मला घरात येरझारा घालताना बघून वैतागायची. "बस ना एका जागी. तुले पाहून मले गरगरते."

नागपूरला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फोनवर एक अॅप टाकून दिलं. चित्राला बोट लावलं की फोन तो शब्द बोलायचा. पण बाबांचं बोट थरथरायचं, कातडीही इतकी कोरडी की फोनला ते कळायचंच नाही. कळलं तर भलतंच. एकदा पाणी हवं होतं आणि फोन म्हणाला, "रिक्षा." बाबांनी फोन पालथा घातला आणि वर उशी ठेवली.

त्या उशीकडे बघताना मला वाटलं, यांना काच नको, बटण पाहिजे. मोठं, दाबलं की टक् वाजणारं, मुठीनेही दाबता येईल असं. मला काहीतरी करायला सापडलं होतं. त्याच दिवशी मी डिप्लोमाच्या काळातली पेटी माळ्यावरून उतरवली. तिच्यात माझा जुना मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड होता, निळा, धुळीने माखलेला. लॅपटॉपला जोडला तर त्यावरचा दिवा लुकलुकला. बाकीचं सामान मागवलं, गोल रंगीत बटणं, छोटा स्पीकर आणि मेमरी कार्ड बसवायचा कप्पा. हायवेवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून फिटिंगचा प्लास्टिकचा डबा आणला आणि त्याला आठ भोकं पाडली. बेत सोपा होता. शब्द कार्डावर साठवायचे, बटण दाबलं की बोर्डाने कार्डावरून तो शब्द उचलायचा आणि स्पीकरवर वाजवायचा.

अडचण एकच होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. माझा बोर्ड पाच व्होल्टवर चालणारा. मेमरी कार्ड तीन पूर्णांक तीन व्होल्टचं. बोर्डाला कार्डाशी बोलायचं तर तो तारेवर पाच व्होल्ट ठेवतो, आणि कार्डाच्या टोकांची सोसायची ताकद तीनच्या थोडं पुढे संपते. मध्ये काहीतरी घालून ते पाच कमी करावे लागतात. हे डिप्लोमात शिकवतात. कारखान्यात दुसऱ्यांच्या बोर्डांवरच्या असल्याच चुका शोधायचा मला पगार मिळायचा. पण मागवलेल्या सामानात त्यासाठी लागणारे रेझिस्टर नव्हते, लाखनीच्या दुकानांत चार्जर आणि कव्हरं, आणि नागपूरला जायचं म्हणजे एक अख्खा दिवस. मला तो दिवसही धरवत नव्हता. इंटरनेटवर कुणीकुणी लिहिलं होतं, सरळ जोडलं, माझं चालतंय. मी कार्डाची वीज तेवढी बोर्डाच्या तीन व्होल्टच्या टोकावरून घेतली आणि बोलण्याच्या तारा सरळ जोडून टाकल्या.

चाललं.

पहिल्यांदा शब्द माझ्याच आवाजात भरले होते. पाणी, भात, औषध, संडास, दुखतंय, पंखा, हो, नको. डबा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि निळं बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. डब्यातून माझा आवाज आला, "पाणी." बाबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूच्या स्टुलावरचा गिलास उचलून माझ्यापुढे धरला.

आई हसता हसता खाली बसली. मलाही हसू आलं, पण बाबांना नाही. त्यांनी परत बटणाला हात लावला नाही.

"गडीमानसाच्या पोटातून बाईचा आवाज," आई मागाहून म्हणाली. "कसं वाटत असन त्यायले?"

काकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. हे काका म्हणजे बाबांच्या गाडीचे ड्रायव्हर, राहणारे बपेऱ्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या हातमाग, यांनी मात्र स्टिअरिंग धरलं. ते आणि बाबा इतकी वर्षं एका गाडीवर होते की आई म्हणायची, माझ्यापेक्षा जास्त संसार तुम्ही त्यांच्याशी केला. दोन बस बदलून काका भुट्ट्यांची पिशवी घेऊन आले. बाबांसमोर बसले आणि कुणाच्या गाडीचा अपघात झाला, कोणत्या पुलाचं काम रखडलं, असं सांगत राहिले. मध्ये मध्ये थांबायचे, बाबांनी काही म्हटलंय असं धरून मान हलवायचे आणि पुढे चालू. आम्ही सगळे बाबांशी ओरडून बोलत होतो, बहिऱ्याशी बोलावं तसं. काका त्यांच्या नेहमीच्याच आवाजात बोलत होते.

मागच्या खोलीत खिडकीवर गोधडी टांगून मी माईक लावला. तरी हायवेचे हॉर्न आत येत होते. "काका, 'पाणी' म्हणा."

"कोणाले मांगू? तुले का तुह्या मायले?"

"कुणालाही. नुसतं 'पाणी' म्हणा."

"नुसतं कोण मांगते? तुह्या बाबासारखं मांगतो." काकांनी घसा साफ केला. "पानी आन् वं!"

मधल्या खोलीतून आवाज आला. बाबा हसत होते. आजारानंतर पहिल्यांदा. काकांनी तिकडे तोंड करून परत एकदा ओरडून मागितलं, मग माझ्या यादीवरून बोट फिरवत गेले आणि शेवटी थांबले.

"आन् जयभीम?"

मी यादी परत वरून खाली वाचली.

"लोक येतेत, जयभीम घालतेत. मंग हा काय दाबन? पंखा?"

बाबा सपरीतून आत का आले हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी यादी करताना माझ्या मनात दवाखान्यात नर्स विचारते तेवढेच शब्द आले होते. मी पंखा खोडला. पंख्याकडे काय, बोटही दाखवता येतं. काकांनी माईकसमोर ताठ बसून खणखणीत "जयभीम!" म्हटलं. ऐकून बघितलं. "नाही, हा वरून वरून झाला. तुहा बाबा पोटातून म्हणे," असं म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांची खुर्ची सपरीत गेली. मांडीवर डबा. पहिला माणूस रस्त्यावरून "जयभीम" म्हणाला आणि डब्यातून बपेऱ्याच्या काकांचा खणखणीत आवाज गेला, तेव्हा तो दचकून सायकलवरून उतरला. मग हसला. मग परत एकदा म्हणाला, नुसता ऐकायला. दोन-तीन दिवसांत बाबा खोडकर झाले. ज्यांचं लक्ष नसायचं त्यांच्यावरही बटण दाबायचे. आईला तर दर थोड्या वेळाने "पानी आन् वं!" ऐकू यायचं, आणि ती बांधीतून आलेल्या थकव्यातही आतून ओरडायची, "आन्तो ना, दम धरा!"

मी पुण्याचं तिकीट बघायला लागले.

आणि डबा अडखळायला लागला. आधी नुसतं, "जय—" आणि पुढे शांतता. बंद करून चालू केला की परत नीट. मी म्हटलं, कुठेतरी तार ढिली असेल. परत सोल्डरिंगचा डाग दिला. एक दिवस बरा गेला. मग "पानी आन्—" वर थांबला. मी दुसऱ्या जागी डाग दिला. जिथे चूक आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तिथे सोडून सगळीकडे मी हात लावत होते, कारण तिथे हात लावायचा म्हणजे सगळं उसवून नव्याने करायचं.

त्या आठवड्यात गुरुजी आले. विहारात रविवारी वंदना घेणारे, वयाने मोठे, बाबा ज्यांच्यासमोर पाय खाली सोडूनच बसायचे असे. फाटकातच थांबून त्यांनी हात जोडले, "जयभीम."

बाबांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग डाव्या हाताची मूठ करून दाबलं, मग आपटलं. डबा मांडीवरून घसरला, त्यांनी तो उजव्या हाताने धरायला बघितला आणि त्या हातातून तो खाली पडला. गुरुजी पुढे झाले, "असू द्या, असू द्या." बाबांचं तोंड उघडलं.

"नाही," ते म्हणाले.

गुरुजी थोडा वेळ बसले, आईशी पावसापाण्याचं बोलले आणि गेले. मी डबा उचलून आणला, चालू केला, बाबांना दाखवावं म्हणून बटण दाबलं. नेमका तेव्हा तो वाजला, स्वच्छ, शेवटपर्यंत. मला वाटलं, चला, वाजला. बाबांकडे पाहिलं तर ते आपल्या बोटांकडे बघत होते. माझ्या बोटाने वाजला होता आणि त्यांच्या बोटाने नाही. पाय ऐकत नाही, जीभ ऐकत नाही, आता बोटंही. त्यांनी तो हात खुर्चीच्या दांडीवर आपटला, एकदा, दोनदा, आईने धरेपर्यंत.

त्यानंतर ते डब्याकडे बघेनात. खुर्ची परत आत.

मी डबा मागच्या खोलीत नेऊन उघडला. कार्ड बाहेर काढलं तर बोटाला चटका बसावा इतकं गरम. मीटर लावला. कार्डाकडे जाणाऱ्या तारेवर पाच व्होल्टला थोडे कमी. जास्तीचा दाब कार्डाच्या आतले बारीक बारीक संरक्षणाचे भाग गिळत होते, तापत होते आणि एकेक करत मरत होते. लॅपटॉपमध्ये घातलं तर लॅपटॉपने ते ओळखलंच नाही. काकांचे शब्द लॅपटॉपवर होते, त्यामुळे गेलं काहीच नव्हतं. पण मला बसवेना. मी सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत बाहेर गेले. ते हात आपटत होते तो आवाज कानातून जात नव्हता.

सकाळच्या पहिल्या गाडीने नागपूर गाठलं. बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून रेझिस्टर घेतले, व्होल्टेज बदलणारी एक छोटी चिप, कार्डाला वेगळी वीज द्यायला रेग्युलेटर आणि नवं कार्ड. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर धरून मी दर थांब्याला ड्रायव्हरकडे बघत होते, हा इतका वेळ काय करतोय म्हणून.

आधी रेझिस्टर लावून बघितले. बोर्डाकडून कार्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर दोन रेझिस्टर एकामागे एक, वरचा लहान, जमिनीकडचा, म्हणजे ग्राउंडच्या तारेकडचा, त्याच्या दुप्पट, आणि दोघांच्या मधून कार्डासाठी तार काढली. पाचाचे तीन आणि थोडे होतात. कार्डाकडून बोर्डाकडे येणारी तार तशीच ठेवली, कारण कार्ड जे तीन व्होल्ट देतं ते बोर्डाला पुरेसे ऐकू येतात. हे चाललं, पण माझ्या तारा लांब होत्या आणि शब्द मध्येच चिरकत होते. चिरकलेला शब्द मला बाबांपुढे ठेवायचा नव्हता. रेझिस्टर काढून चिप बसवली. तिच्या एका बाजूला पाच गेले तरी ती दुसरीकडून तीन पूर्णांक तीनच देते. तारा आखूड केल्या. आठही बटणं इतक्या वेळा दाबली की आई म्हणाली, "आता पुरे झालं वं, मीच जयभीम म्हणतो."

राहिलं होतं ते बाबांना सांगायचं.

दुपारी ते पलंगावर होते, तोंड भिंतीकडे. आई दाराशी सुपात तांदूळ निवडत होती. मी डबा, मीटर, मेलेलं कार्ड, सगळं घेऊन बाजूला बसले आणि सांगायला लागले. बाबा, बोटाचं काही नाही, डब्यातच चूक होती, मी तारा जोडल्या तिथे चूक होती, कार्ड तीन व्होल्टचं आणि बोर्ड पाचचा, मी मध्ये काही घातलंच नाही. बाबा हलले नाहीत. मी आणखी जोरात, आणखी भराभर सांगू लागले.

"किती कचकच करून राहिली," आई सुपातून डोकं न उचलता म्हणाली. "बहिरे नाही ते. हळू सांग ना."

मी थांबले. हायवेवरून ट्रक जात होते. मग बाबांनी आपणहून मान वळवली, मी गेले की काय बघायला.

मी मीटर त्यांच्या हातात दिला. बोर्डातून निघणाऱ्या, आधी कार्डाला सरळ जोडलेल्या तारेवर टोकं टेकवली आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. पाच. आयुष्यभर सुटे पैसे आणि तिकिटांचे नंबर बघितलेला माणूस, आकडे त्यांना अजूनही लगेच कळायचे. मग चिपमधून कार्डाकडे जाणाऱ्या नव्या तारेवर टोकं टेकवली. तीन पूर्णांक तीन. "याला एवढंच झेपतं," मी म्हटलं. "मी याला एवढं देत होते." त्यांच्या तळव्यावर मेलेलं कार्ड ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, नखाने खरवडलं. मग माझ्याकडे बघून आपलं बोट वर केलं.

"नाही?" ते म्हणाले. शेवट वर चढवून, प्रश्न विचारतात तसा.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या बोटाचं काहीच नाही. माझं चुकलं."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारली. चांगली लागली. मग डबा मांडीवर ओढला आणि एकेक बटण दाबून, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत ऐकून, सगळी गाडी तपासली.

रविवारी आईने डब्याला जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला. डबा गळ्यात, हातात काठी, असे बाबा विहारापर्यंत चालत गेले. मी दोन पावलं मागे. सारखं वाटत होतं, पुढे होऊन दंड धरावा, आणि त्यांनी हात झटकला असता हेही माहीत होतं. गुरुजी दारातच उभे होते. ते हात जोडणार एवढ्यात बाबांनी बटण दाबलं. या वेळी जयभीम आधी त्यांनी घातला. गुरुजींनी मग हात जोडून, सावकाश, शेवटपर्यंत उत्तर दिलं. बाबा आत जाऊन बसले. मी बाहेर चपलांपाशी उभी राहिले, कारण माझ्याने आत बसवेना.

पुण्याचे फोन हळूहळू थांबले. मी परत गेले नाही. भंडाऱ्याला दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालं, त्यात सारखं कुठे ना कुठे जावं लागतं, आणि ते मला बरं पडतं. बाबांचे शब्द थोडे थोडे आले. आधी 'ये', मग 'भात', मग एक दिवस आईवर चिडून एक अख्खी शिवी, जिचा आईला झालेला आनंद बघण्यासारखा होता. डबा आता बहुतेक वेळ खुंटीला असतो. दमले की ते मागतात.

मागच्या महिन्यात नागपूरच्या त्या बाईंचा फोन आला. चिखल्याला एक जण आहेत, मँगनीजच्या खाणीत उतरायचे, त्यांचंही असंच झालंय. मी सुट्टीच्या दिवशी गेले. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. ते खाणीतले काका खाटेवर, काकू दारात. काकूंनी मी बसायच्या आत सांगायला सुरुवात केली. "यायले पानी लागते सारखं. आन् चहा. गोळी घ्याले कंटाळतेत, ते टाकजा. जेवन सांगता आलं पाहिजे. आन्—"

मी या वेळी यादी लिहून नेली नव्हती. काकांकडे वळून म्हटलं, "काका, तुम्हाला काय पाहिजे? मी एकेक विचारते, तुम्ही मान हलवा. पाणी?"

काकूच म्हणाल्या, "पाहिजे ना, पाहिजे."

काकांनी खाटेच्या लाकडावर हात आपटला. काकू बोलतच होत्या. त्यांनी परत आपटला.

"चहा?" मी विचारलं. मान आडवी. "बाहेर जायचं?" आडवी. "काही दुखतं?" आडवी. त्यांनी काकूंकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि हात हवेत दाबला, खाली, खाली.

"चूप?" मी विचारलं. मान अर्धी हलली, थांबली. तेवढं नव्हतं.

मी हाताने तीच खूण करून पाहिली. काकू बोलायच्या थांबल्या.

"'मले बोलू दे'?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

काकांनी इतक्या जोरात मान हलवली की खाट करकरली. परत हलवली. परत. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले, मग माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "आता हा मानूस मले या घरात बोलू देत नाही पाहा." आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी पिशवीतून बटणं काढून खाटेवर मांडली, आणि काकांनी डाव्या हाताने त्यातलं सगळ्यात मोठं, लाल बटण आपल्या बाजूला ओढून घेतलं.